विषारी अळंबी आणि चांदीचा रुपया

आमच्या बेगम बाजारातल्या घरी देवघरात चांदीचा एक जुना रुपया आहे. निजामाच्या राजवटीतला, चारमिनारचे चित्र असलेला. वर्षातून एकदा लक्ष्मीपूजनाला तो बाहेर निघतो. आणि पावसाळ्यात वाड्यातल्या कोणाच्या घरी रानातली अळंबी आली, तर पुन्हा एकदा निघतो. अळंबी शिजत असताना रुपया पातेल्यात टाकायचा. काळा पडला तर भाजी फेकून द्यायची, पांढरा राहिला तर पाने मांडायची, असा आजीच्या माहेरचा प्रघात आहे.

एका श्रावणातली गोष्ट. शेजारच्या काकूंचा मुलगा मित्रांबरोबर विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरात गेला होता. आपली मुसी नदी याच डोंगरात उगम पावते. हैदराबादेपासून हे रान सुमारे ८० किलोमीटर. सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत येता येते. झाडीच्या कडेला, गवतात, त्याला ताटलीएवढाली पांढरी छत्रे दिसली. मुलगा नीटनेटका. पिशवीला माती लागू नये म्हणून त्याने प्रत्येक अळंबी जमिनीपासून चार बोटे वर चाकूने कापली आणि पिशवी भरून घरी आणली. काकू आजीकडे रुपया मागायला आल्या. आजी स्वतः गेली, रुपया पातेल्यात टाकला, थोड्या वेळाने पळीने वर काढून पदराने पुसला आणि म्हणाली, “रुपया काळा पडला नाही. खा बिनघोर.” समोरच्या खोलीतल्या कन्नड अज्जी दारात उभ्या होत्या. त्यांनी पिशवीत डोकावून एवढेच म्हटले, “नायिकोडे,” आणि आत निघून गेल्या.

रात्री नऊला काकूंकडची चार माणसे जेवली. अकराच्या आत चौघांनाही उलट्या आणि जुलाब सुरू झाले. रात्र रुग्णालयात सलाईनवर गेली. तिसऱ्या दिवशी सगळी घरी आली, अशक्त पण धडधाकट. आमच्याकडेही त्या भाजीची एक वाटी आली होती. वडील दुकानातून उशिरा यायचे म्हणून ती झाकून ठेवली होती, एवढ्यावरच आमचे निभावले.

त्या वेळी मी वनस्पतिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होतो. पातेल्यात न मावल्यामुळे एक अख्खे छत्र ओट्यावर शिल्लक होते, ते मी उचलले. प्रस्तुत लेख त्या एका छत्रातून निघाला आहे.

आधी अळंबी म्हणजे काय हे पाहू. जमिनीवर आपल्याला दिसते ती कवकाची संपूर्ण काया नव्हे. कवक वर्षभर मातीत, कुजक्या पाचोळ्यात किंवा झाडांच्या मुळांशी बारीक धाग्यांच्या जाळ्याच्या रूपाने राहते. पावसाने ओल मिळाली की त्या जाळ्यातून एक फळ वर येते, ते म्हणजे भूछत्र. आंब्याच्या झाडाला आंबा, तसे कवकजालाला भूछत्र. त्याचे काम एकच, बीजाणू पसरवणे. छत्राखाली पाहिले तर दांड्यापासून कडेपर्यंत गेलेली पातळ पाती दिसतात, जणू अर्धवट उघडलेल्या पुस्तकाची पाने. बीजाणू या पात्यांवर तयार होतात आणि खाली गळतात.

काही जातींत कोवळेपणी पात्यांवर एक पापुद्रा असतो. छत्र उघडले की तो फाटतो आणि दांड्याभोवती कड्यासारखा लोंबत राहतो. त्याला वलय म्हणतात. काही जातींत तर सबंध अळंबीच कोवळेपणी एका आवरणात असते, अंड्यासारखी. ती वाढून बाहेर पडली की फाटलेले आवरण दांड्याच्या तळाशी पिशवीसारखे किंवा पेल्यासारखे उरते. हा पेला बहुधा मातीत दडलेला असतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे ती कामी येणार आहे.

शिल्लक छत्राचे मी केले ते इतकेच. देठाचा उरलेला तुकडा छत्राच्या पातळीला छाटला, पाती खाली येतील अशा रीतीने छत्र एका कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवले आणि वर काचेचा वाडगा पालथा घातला. वारा लागू नये, एवढाच वाडग्याचा उपयोग. याला बीजाणूंचा ठसा घेणे म्हणतात. या कामाला सूक्ष्मदर्शक लागत नाही, की प्रयोगशाळा लागत नाही. सकाळी वाडगा उचलला, छत्र अलगद काढले. कागदावर पात्यांच्या रेघांसकट एक सुंदर चक्र उमटले होते. त्याचा रंग हिरवट होता, सुकत चाललेल्या शेवाळ्यासारखा.

अळंबीच्या अभ्यासात ठशाच्या रंगाला फार महत्त्व आहे, कारण छत्राचा रंग पावसाने, उन्हाने, वयाने बदलतो. बीजाणूंचा रंग सहसा बदलत नाही. बाजारात डबीतून मिळणाऱ्या बटण अळंबीचा ठसा गडद तपकिरी येतो. भाताच्या पेंढ्यावर वाढवतात त्या अळंबीचा गुलाबी. कित्येक जातींचा पांढरा. असा हिरवा ठसा मात्र मोठ्या अळंब्यांत अगदी विरळा, आणि तो एका जातीकडे बोट दाखवतो: क्लोरोफिलम मॉलिब्डायटीस. ग्रीक भाषेत क्लोरोस म्हणजे हिरवा, फिलॉन म्हणजे पान. मॉलिब्डॉस म्हणजे शिसे. पाने हिरवी आणि छटा शिशाची, असे हे नाव आहे. दक्षिण अमेरिकेतील गयानातून १८१८ साली मायर यांनी या जातीचे प्रथम वर्णन केले. आज ती जगातल्या बहुतेक उष्ण प्रदेशांत आढळते, आणि अळंबीने झालेल्या विषबाधांत तिचे नाव वारंवार येते. बागा, हिरवळी, मैदाने, रानाच्या कडेचे गवत ही तिची आवडती ठिकाणे. छत्र वीतभर, कधी त्याहून मोठे. वर मध्यभागी तपकिरी खवले. दांड्यावर वरखाली सरकणारे वलय. तळ फुगीर, पण त्याला पेला नाही. कोवळेपणी पाती शुभ्र असतात आणि नेमकी त्याच वेळी ती लोकांना मोहात पाडते. पाती हिरवट राखी होईपर्यंत सहसा कोणी थांबत नाही.

हिचे विष पोटाचे आहे. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत उलट्या, पोटात मुरडा, जुलाब. लहान मुलांना व वृद्धांना शरीरातले पाणी कमी झाल्याने धोका होऊ शकतो, पण वेळेवर पाणी व क्षार मिळाल्यास बहुतेक माणसे बरी होतात. काकूंच्या घरचे प्रकरण या वर्णनाशी तंतोतंत जुळले. ठसा मिळाला तेव्हा रात्र उलटून गेली होती, आणि ज्ञान भाजीच्या मागून आले होते, ही गोष्ट वेगळी.

पण त्या दिवशी मला खरी धास्ती वाटली ती पुस्तक उघडल्यावर, पुढचे प्रकरण वाचताना. अनंतगिरीच्या पिशवीत दुसरी एखादी अळंबी असती तर रुपया तिलाही पांढराच राहिला असता.

अमॅनिटा फॅलॉइडीस ही युरोपातल्या वनांतली अळंबी. इंग्रजीत तिला ‘मृत्यूची टोपी’ या अर्थाचे नाव आहे. छत्र पाच ते पंधरा सेंटिमीटर, फिकट हिरवट-पिवळसर, रेशमासारखे, पाती पांढरी आणि शेवटपर्यंत पांढरीच, दांड्यावर पापुद्र्याचे वलय, तळाशी मातीत पांढरा पेला, ठसा पांढरा. चव वाईट नसते. खाऊन वाचलेल्यांनी ती रुचकर लागल्याचे सांगितले आहे. हिच्यातले अमॅनिटिन नावाचे विष म्हणजे आठ अमिनो आम्लांचे एक बंद कडे. ते इतके चिवट की उकळून, तळून, वाळवून किंवा गोठवून नष्ट होत नाही. पेशीच्या केंद्रकात जनुकांवरून संदेशाची नक्कल काढणारे जे विकर असते, त्याला हे विष जखडून टाकते. नक्कल बंद म्हणजे नवी प्रथिने बंद. आणि ज्या पेशींचे काम अखंड चालते, त्या आधी मरतात. यकृताच्या पेशी त्यांत पहिल्या. शिवाय यकृत हे विष पित्तातून आतड्यात टाकते आणि आतडे ते पुन्हा शोषून यकृताकडे पाठवते, असा फेरा चालू राहतो. शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅम वजनामागे सुमारे ०.१ मिलिग्रॅम विष प्राणघातक समजतात. पन्नास किलोच्या माणसाला पाच मिलिग्रॅम. एका मध्यम अळंबीत तेवढे असू शकते.

सर्वांत कपटी भाग वेळेचा आहे. खाल्ल्यावर सहा ते चोवीस तास काहीच होत नाही. माणूस जेवतो, झोपतो, सकाळी कामाला जातो. मग उलट्या-जुलाब सुरू होतात आणि एखाद्या दिवसाने थांबतात. रोग्याला बरे वाटते, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, कधी रोग्याला घरी नेतात. त्याच काळात यकृत आतून मरत असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे पिवळे पडतात, ग्लानी येते. म्हणून डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो ‘काय खाल्ले’ याबरोबरच ‘किती वाजता खाल्ले’ हा. दोन तासांत उलटी झाली तर बहुधा पोटाचे विष. सहा तास उलटून गेल्यावर झाली तर यकृताचे विष समजूनच चालावे लागते. अर्थात एकाच जेवणात दोन्ही जाती आल्या, तर लवकरची उलटी दुसरीला झाकून टाकते. त्यामुळे या नियमावरही विसंबून निर्धास्त होता येत नाही.

हे सारे युरोपातच घडते असे नाही. मेघालयात पश्चिम जैंतिया टेकड्यांत २०२० साली रानातली अळंबी खाऊन सहा माणसे दगावली. आसामात एप्रिल २०२२ मध्ये काही दिवसांच्या अवधीत १३ जण मरण पावले. त्यांत बहुसंख्य चहाच्या मळ्यांतील मजूर कुटुंबांतले होते. रानभाजी ही त्यांच्या पानातली नेहमीची वस्तू.

मग आपल्या दख्खनच्या रानात भीती किती? अमॅनिटा फॅलॉइडीसचे जिणे काही ठरावीक झाडांच्या मुळांशी बांधलेले असते. ओक हे त्यांतले मुख्य. झाडाने साखर द्यायची, कवकाने पाणी व क्षार शोषून आणायचे, असा व्यवहार. ऑस्ट्रेलियात व कॅलिफोर्नियात ही अळंबी पोहोचली ती युरोपी झाडांच्या मुळांबरोबर. आपल्या सागाचा असा करार दुसऱ्याच प्रकारच्या, छत्र न धरणाऱ्या कवकांशी असतो. तेव्हा सागाच्या रानात ही युरोपी बया भेटण्याची शक्यता फारशी नाही. येथवर वाचून कोणी निश्चिंत होऊ नये. लेपिओटा या वंशातल्या काही किरकोळ दिसणाऱ्या अळंब्यांत तेच अमॅनिटिन असते. त्यांना कोणत्याही झाडाची गरज नसते, तळाशी पेला नसतो, आणि त्या बागेतही उगवतात. पेला दिसला तर अळंबी टाकावी हे ठीक. पेला नाही म्हणून खावी हे मात्र चूक.

आता आजीच्या रुपयाकडे येऊ. चांदी काळी पडते ती गंधकाच्या संयुगांनी. उकडलेल्या अंड्यात चांदीचा चमचा ठेवून पाहावा, तो काळपट होतो. अंडे काही विषारी नसते. अमॅनिटिनने चांदीला काहीही होत नाही. अळंबीबरोबर लसूण शिजवून त्याचा रंग पाहण्याची चाल अशीच निराधार आहे. किडे-गोगलगायी खातात ते माणसाला चालते, ही समजूतही तशीच. गोगलगाय मृत्यूची टोपी खुशाल खाते. छत्राची साल सहज सोलली की अळंबी चांगली म्हणतात, पण तीही साल सहज सुटते. भडक रंगाची तेवढी विषारी म्हणावी, तर सर्वांत घातकी जाती पांढऱ्या आणि सोज्वळ दिसणाऱ्या आहेत. हे सर्व मी आजीला समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “माझ्या माहेरी इतकी वर्षे कोणाला काही झाले नाही रे.”

हे उत्तर मी आधी हसण्यावारी नेले. नंतर विचार करता आजीचे म्हणणे खरे आहे असे दिसले, फक्त त्याचे श्रेय रुपयाला नव्हते. मी तिला विचारले, माहेरी अळंबी कोण आणायचे? ती म्हणाली, गडी आणायचा, बांधावरच्या ठरलेल्या वारुळावरून, दर वर्षी तिथूनच. आणि कशी आणायचा? “मुळासकट. हातभर मूळ असायचे, उंदराच्या शेपटीसारखे. आई ते बघून मग चुलीजवळ न्यायची.”

उत्तर तेथेच होते. वारुळावरची ही अळंबी म्हणजे टर्मिटोमायसीस. वाळवी वारुळाच्या पोटात पाचोळ्याच्या चोथ्यावर या कवकाची अक्षरशः शेती करते. पावसात त्या शेतातून अळंबी वर येते तेव्हा माती भेदण्यासाठी तिच्या छत्राला मध्यभागी टोक असते, आणि दांडा खाली निमुळता होत थेट वाळवीच्या मळ्यापर्यंत गेलेला असतो. ठसा गुलाबीसर. तळाशी पेला नाही. रॉजे हेम या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९४२ साली या वंशाला हे नाव दिले. त्यांच्याच नावाची टर्मिटोमायसीस हेमाय ही जात नटराजन यांनी १९७९ साली तमिळनाडूतून वर्णिली. विदर्भातल्या गडचिरोलीकडे लोक ‘सात्या’ म्हणून जिची वाट पाहतात आणि गोव्यात पावसाळ्यात जिच्यासाठी झुंबड उडते, ती हीच मंडळी. आपल्याकडच्या अळंब्यांचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्यांत पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे डॉ. साठे व त्यांचे सहकारी यांचे नाव घ्यावे लागेल. नैर्ऋत्य भारतातील भूछत्रांवरचा त्यांचा ग्रंथ १९८० सालचा आहे.

आता भाषेकडे पाहावे. तेलुगूत अळंबीला पुट्टगोडुगु म्हणतात. पुट्ट म्हणजे वारूळ, गोडुगु म्हणजे छत्री. खाण्याच्या अळंबीचा पत्ताच त्या शब्दात लिहिला आहे. कन्नडमध्ये अणबे, आपल्याकडे अळंबे. हे दोन शब्द एकमेकांचे भाऊबंद वाटतात, निवाडा भाषाशास्त्राच्या प्राध्यापकांनी करावा. आणि न खाण्याच्या अळंबीला? मराठीत कुत्र्याची छत्री, तेलुगूत कुक्कगोडुगु, कन्नडमध्ये नायिकोडे. नायि म्हणजे कुत्रा, कोडे म्हणजे छत्री. तिन्ही भाषांनी तिच्या माथी कुत्रा मारला आहे. समोरच्या अज्जींनी पिशवीत डोकावून एकाच शब्दात निकाल दिला होता, आणि वाड्यात तो शब्द कळणारे आम्ही सगळेच होतो. अज्जींना मी नंतर विचारले, कशावरून ओळखले? त्या म्हणाल्या, मला काय ठाऊक, पण तिला बूड कुठे होते?

बूड अनंतगिरीला राहिले होते, मुलाच्या चाकूखाली. वारुळाची खूण, हातभर मूळ, पेला, शेजारचे झाड, हे सारे रानात मागे राहिले आणि बेगम बाजारात पोहोचली ती नुसती पांढरी छत्रे. माहेरी रुपया पातेल्यात पडायचा तो आईने मूळ पाहून झाल्यावर. येथे मूळच नव्हते, रुपया तेवढा होता.

जागा बदलली की जुनी ओळखही दगा देते, याची उदाहरणे बाहेरही आहेत. चीन व आग्नेय आशियातले लोक पेंढ्यावरची अळंबी पिढ्यानपिढ्या खातात. तिलाही तळाशी पेला असतो आणि कोवळेपणी तीही अंड्यासारखी दिसते. ऑस्ट्रेलियात गेल्यावर ओकच्या झाडाखाली तसेच अंडे पाहून काहींनी ते घरचे समजून शिजवले. कॅनबेरात २०११ च्या अखेरच्या दिवशी झालेल्या अशा जेवणानंतर दोघांचा मृत्यू झाला. पेंढ्यावरच्या अळंबीला वलय नसते आणि तिचा ठसा गुलाबी असतो. पण न उघडलेल्या अंड्याचा ठसा कोठून घेणार?

हल्ली फोनवर छायाचित्र काढून नाव सांगणारी साधने निघाली आहेत. मला त्यांचे कौतुक आहे, पण फोनला दिसते ते छत्र. मातीतला पेला आणि उद्या सकाळी पडणारा ठसा त्याला दिसत नाही. अभ्यासासाठी अळंबी आणायची तर चाकूने कापू नये, खुरप्याने खोल खणून मातीच्या गड्ड्यासह उचलावी, कागदात गुंडाळावी, शेजारी कोणती झाडे होती ते टिपून ठेवावे. ठसा घेताना छत्र अर्धे पांढऱ्या व अर्धे काळ्या कागदावर ठेवावे. पांढरा ठसा पांढऱ्या कागदावर दिसत नाही आणि नवशिका ‘ठसा आलाच नाही’ म्हणून मोकळा होतो. माझे पहिले दोन ठसे असेच वाया गेले.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत करण्याजोगी एक गंमत सांगतो. अळंबीच्या रसाचा थेंब साध्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या समासावर पिळावा, उष्णता न देता वाळू द्यावा आणि त्यावर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब सोडावा. अमॅनिटिन असेल तर काही मिनिटांत निळा रंग येतो. हलक्या कागदातले लिग्निन या विक्रियेत भाग घेते, म्हणून चांगला गुळगुळीत कागद चालत नाही. माइक्सनर यांनी १९७९ साली ही परीक्षा सुचवली. शेजारी नुसत्या आम्लाचा थेंब तुलनेसाठी टाकावा, आणि प्राध्यापक समोर असल्याशिवाय हे आम्ल हाताळू नये. मात्र इतर काही द्रव्यांनीही निळा रंग येतो, आणि रंग न आल्याने अळंबी खाण्याजोगी ठरत नाही, कारण हिरव्या ठशाच्या आमच्या अळंबीत अमॅनिटिन नसतेच. वर्तमानपत्राला रुपयाची जागा देऊ नये.

अळंबी खाऊन त्रास झालाच तर उरलेली भाजी व कच्चे तुकडे फेकू नयेत. कागदी पिशवीत घालून रोग्याबरोबर न्यावेत, खाल्ल्याची वेळ लिहून न्यावी, आणि बरोबर जेवलेल्या सर्वांना न्यावे, त्रास होत नसला तरी. अमॅनिटिनवर हुकमी उतारा अद्याप नाही. शिरेतून पाणी-क्षार, विषाचा फेरा तोडण्यासाठी पुनःपुन्हा दिलेला कोळसा, सिलिबिनिन, एन-ॲसिटिलसिस्टीन, आणि शेवटी यकृताचे रोपण, असे उपचार करतात. २०२३ साली चिनी शास्त्रज्ञांना इंडोसायनिन ग्रीन हा वैद्यकात आधीपासून वापरात असलेला रंग उंदरांमध्ये उपयोगी पडल्याचे दिसले; माणसांतली सिद्धता अजून व्हायची आहे.

तो हिरवा ठसा मी काच लावून ठेवला आहे. आजीने तो देवघराशेजारच्या भिंतीवर लावू दिला, हे विशेष. पुढच्या पावसाळ्यात काकूंच्या मुलाने पुन्हा अळंबी आणली, ती एका बादलीत, मातीसकट. आजीने रुपया काढला नाही. ती बादलीत हात घालून माती चाचपत बसली, मूळ सापडते का ते पाहत. सापडले नाही. अज्जींनी दारातूनच मान हलवली, आणि बादली माझ्या खोलीत आली.